जबाबदार काकाजी

काकाजींच्या कमरेला किल्ल्यांचा एवढा जुडगा असे, की ते उठले की आधी पँट सावरत आणि मग बोलत. त्यातली एकही किल्ली त्यांनी मागून घेतलेली नव्हती. सगळ्या जिभेपायी गळ्यात पडलेल्या.

ऐंशी सालाच्या आगेमागे सिंदी रेल्वे नावाच्या गावी आमचा कारखाना होता. सरकीचं तेल काढून उरलेली ढेप आम्ही पोत्यांत भरायचो. ती वॅगनने मुंबईला आणि तिथून जहाजाने परदेशातल्या गाईंपुढे जायची. ढेप भिजली की तिला बुरशी येते, आणि बुरशीचा माल परत आला तर कारखान्याला कुलूप लागणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण आमच्याकडे रिवाज असा, की जो उणीव दाखवेल त्यानेच ती निस्तरायची. साहेब नागपूरचे, मोठे दिलदार. "बहुत अच्छे! उद्यापासून तुम्हीच पाहा," म्हणायचे. त्यामुळे छप्पर गळायला लागलं, की आम्ही मुकाट्याने छत्री उघडून हिशेब लिहायचो.

काकाजींना मात्र गप्प बसवत नसे. ते छपराबद्दल बोलले, छप्पर त्यांच्याकडे आलं. आग विझवायच्या बादल्यांत वाळूऐवजी कुत्रीची पिल्लं आहेत म्हणाले, तर बादल्या मिळाल्या आणि पिल्लंही. एकदा "साहेब, वॅगनचं दार लागून नाई राह्यलं," एवढंच म्हणाले आणि त्या दाराला पाठ लावून थेट मुंबईपर्यंत गेले. परतल्यावर मी विचारलं, "काकाजी, काऊन बोलता तुमी?"

"अरे बापा, तिकडच्या गाईनं आपलं काय घोडं मारलं?"

ते निवृत्त झाले तेव्हा काकूंनी पिपरी मेघे गावात भाजीची वाडी धरली होती. आता दोघांनी मिळून तीच पाहायची, असं ठरलेलं. निरोपसमारंभाला येताना काकूंनी बजावलं, "आज तोंडाले कुलूप लावजा."

साहेब 'परदेशातलं आपलं नाव' या विषयावर रंगात आले होते. त्यांच्या मागच्या खिडकीतून पाण्याची टाकी भरून वाहताना दिसत होती, आणि खाली वॅगनसाठी रचलेली पोती. सभेतल्या प्रत्येकाने ते पाहिलं आणि प्रत्येकाने टाळी वाजवली. काकाजी लालबुंद झाले. गळ्यातल्या हाराचा झेंडू चावायला लागले. शेवटी राहवेना.

"साहेब, पोते भिजून राह्यले!" म्हणत हारासकट ते टाकीकडे धावले.

"बहुत अच्छे!" साहेब म्हणाले. "उद्यापासून तुम्हीच पाहा."

काकू ताडकन उठल्या. "अवो साहेब, तुमच्या कंपनीत दुसऱ्या कोणाले डोळे नाई काय?"

साहेब लगेच म्हणाले, "मुद्दा बराबर आहे, वहिनी. उद्यापासून तुम्हीही या."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने दोघंही सिंदीला उतरली. पुढे कित्येक वर्षं आमचा माल परत आला नाही. आमच्या पोरांची शिक्षणं झाली, लग्नं झाली. त्या माणसावर माझा फार जीव होता, आणि तसा आम्हा सगळ्यांचाच होता. त्यांची वाडी वाळून गेली, असं कुणी म्हणतं. नक्की माहीत नाही. आमच्यापैकी एकानेही कधी विचारलं नाही. विचारलं असतं, तर पाणी घालायला जावं लागलं असतं.