पेन्शनच्या अंदाजातली माझी अपूर्ण वर्षं

मुलगा एडिनबराहून वीकेंडला घरी आला होता. जेवण झाल्यावर लॅपटॉप घेऊन माझ्या शेजारी बसला आणि म्हणाला, "आई, तुला आता स्टेट पेन्शन सुरू होईल. किती मिळणार, बघितलंस का?"

मी बघितलं नव्हतं. आमच्या लेस्टरच्या घरात बँक, कौन्सिल, फोनवर बोलणं, हे सगळं यांच्याकडे. लग्न करून नागपूरहून आले तेव्हा माझं इंग्रजी कॉलेजातल्या पुस्तकांचं होतं आणि इथल्या लोकांचे उच्चार कळायचे नाहीत. म्हणून यांनी ते काम अंगावर घेतलं आणि पुढे ते त्यांचंच होऊन बसलं.

मुलाने सरकारी वेबसाइटवर माझं खातं उघडून दिलं. वर पेन्शनचा अंदाज होता आणि खाली माझ्या नॅशनल इन्शुरन्सचं, म्हणजे पगारातून कापल्या जाणाऱ्या हप्त्यांचं, एकेक वर्ष. जितकी वर्षं पूर्ण, तितकी पेन्शन जास्त. शाळेच्या किचनमध्ये, नंतर हॉस्पिटलच्या रिसेप्शनवर काम केलं ती वर्षं पूर्ण होती. त्याआधीची बरीचशी अपूर्ण दिसत होती.

"हा वर्ष फुल नाही," तो बोट सरकवत म्हणाला. "हा पण नाही. तेव्हा तू काही करत नव्हतीस ना?"

"तुम्हाला दोघांना मोठं करत होते."

तो हसला. "ते माहितीये गं. म्हणजे जॉब नव्हता." मग मला बरं वाटावं म्हणून म्हणाला, "जाऊ दे. जेवढं कमी पडेल तेवढं मी देत जाईन."

मुलगा गुणी आहे, मनापासून बोलत होता. पण मी नको म्हटलं. मला त्याच्या पैशांचं काही वाटलं नाही, वाटलं ते त्या 'अपूर्ण' शब्दाचं.

कारण त्याच वर्षांत त्याच्या धाकट्या बहिणीला ऐकू कमी येतं हे आम्हाला कळलं होतं. दीड वर्षांची झाली तरी हाकेला वळायची नाही. पुढे कानाला मशीन लागलं, पण मशीन लावलं म्हणून मूल बोलत नाही. ते शिकवावं लागतं. थेरपिस्टकडे जायचं तर दोन बस बदलाव्या लागायच्या, एका हाताला मुलगा, समोर प्रॅममध्ये ती. थेरपिस्टने दाखवलेलं मी रोज घरी करायची. तिचा तळवा माझ्या गळ्यावर ठेवायचा आणि म्हणायचं, "म. मामा. माऊ." मग तोच तळवा तिच्या गळ्यावर. तिने पहिल्यांदा स्पष्ट शब्द काढला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. "पाणी," ती म्हणाली. पीठ लागलेल्या हातानेच मी तिला उचललं. आज ती बर्मिंगहॅमच्या एका शाळेत सायन्स शिकवते आणि वर्गात मागच्या बाकापर्यंत तिचा आवाज पोचतो.

त्या काळाला अपूर्ण म्हणणं मला पटणं शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी चहाचा कप घेऊन मी ती वेबसाइट स्वतः वाचायला बसले. मुलांसाठी घरी राहून चाइल्ड बेनिफिट, म्हणजे मुलांमागे मिळणारा सरकारी भत्ता, घेणाऱ्या आयांची ती वर्षं पेन्शनसाठी धरली जातात, असं तिथे सरळ लिहिलं होतं. जुन्या अर्जांवर नॅशनल इन्शुरन्स नंबर नसला तर ते नोंदीत आलेलं नसू शकतं, हेही होतं. मी तर दर आठवड्याला प्रॅम ढकलत पोस्टात जाऊन ते बेनिफिट आणायची.

"मी लावतो फोन," हे म्हणाले.

"नको. वर्षं माझी आहेत, मी बोलते."

यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि टीव्हीचा आवाज बंद केला.

सरकारी हेल्पलाइनवर एक तरुण बाई होती. तिने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, त्या वर्षांत तुम्ही काय करत होता? मी माझ्या नागपुरी इंग्रजीत सांगितलं: दोन मुलं, एकीला ऐकू कमी यायचं, मी तिला बोलायला शिकवत होते. ती म्हणाली, तिच्या पुतण्यालाही असंच मशीन आहे, आता कुठे तो शब्द जुळवायला लागलाय. मी तिला तळव्याची युक्ती सांगितली. त्यानंतर तिने अर्ज कसा करायचा ते मला समजावलं. तो मी स्वतः भरला.

उत्तर यायला बरेच महिने लागले. खातं पुन्हा उघडलं तेव्हा ती सगळी वर्षं पूर्ण झाली होती आणि वरचा अंदाजही बदलला होता. मी मुलीला व्हिडिओ कॉल लावला आणि स्क्रीन दाखवली. समोरच्याचे ओठ वाचताना बघते तसं निरखून तिने एकेक वर्ष मोठ्याने वाचलं. मग म्हणाली, "आई, हे सगळे माझे वर्ष आहेत."

"तुझी आणि माझी," मी म्हणाले. त्या दिवशी मला कुणी डिग्री दिली असती तरी एवढा अभिमान वाटला नसता. हे दारात उभे राहून ऐकत होते. संध्याकाळी त्यांनी तीन जणांना फोन करून माझा पराक्रम सांगितला.

पुढच्या महिन्यात इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमानंतर मी ही गोष्ट बायकांना सांगितली. दोघींनी तपासलं, त्यांची नोंद आधीच बरोबर होती. तिसऱ्या बाई माझ्यापेक्षा थोड्या लहान. त्यांचे मिस्टर मागच्या वर्षी गेले. त्या म्हणाल्या, "अहो ताई, मी तर कधी कामच केलं नाही. माझं काय तपासायचं?"

"मुलं किती तुम्हाला?"

"तीन."

"मग या उद्या घरी."

त्या आल्या. त्यांचीही वर्षं राहिलेली निघाली. फोन त्यांनीच केला. सुरुवातीला अडखळत बोलत होत्या, मग हळूहळू सरावल्या. मी शेजारी होते, पण मला एकदाही बोलावं लागलं नाही.