सासऱ्यांचं रोड टच

माझं लग्न जमवणाऱ्या मध्यस्थानं राजुरीला जाऊन माझ्याबद्दल एवढंच सांगितलं होतं, "पोराचा नारायणगावात धंदा हाय." नारायणगावात धंदा म्हटलं की आमच्या भागात माणसाच्या डोळ्यांसमोर टोमॅटोच येतो. सासऱ्यांच्याही आला. त्यांनी मुलगी दिली, थाटात मांडव घातला, मध्यस्थाला फेटा बांधला. दोन महिन्यांनी बाजारच्या दिवशी एसटी स्टँडसमोरच्या चहाच्या दुकानात मी मांडीवर रेक्झिनची बॅग घेऊन बसलेला त्यांना दिसलो. जावयाकडे गाळा नाही, काटा नाही, एक क्रेटसुद्धा नाही. जावई जमिनीचा दलाल निघाला. लग्नाच्या दलालाला ते फेटा बांधून मोकळे झाले होते, पण जमिनीचा दलाल घरात आलेला त्यांना काही सोसेना. त्या दिवसापासून मी काय करतो असं कुणी विचारलं की ते सांगायचे, "कोर्टाच्या कामात असत्यात."

नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. तोवर शेतकऱ्यांनी जमीन विकायची ती भावकीत किंवा शेजाऱ्याला, आणि तिथं मधला माणूस लागायचा नाही. आता पुण्याची माणसं जीप करून यायची आणि काळ्या मातीला "छान व्ह्यू आहे" म्हणायची. रस्त्याला लागून असलेल्या जमिनीला 'रोड टच' हे नवं नाव मिळालं होतं आणि म्हाताऱ्या बायासुद्धा ते नाव अगदी शुद्ध उच्चारायच्या. या मंडळींत मी सात-आठ वर्षं उठबस केली. लोकांना वाटायचं, हा नुसता चहा पितो. चहा मी प्यायचोच, पण आजूबाजूच्या पंधरा-वीस गावांचे जमिनीचे नकाशे मी स्वतःच्या हातानं बटर पेपरवर उतरवून घेतले होते. कुणी नुसता गट नंबर सांगितला की त्याला ओढा लागतो की रस्ता, हे मी कपातला चहा संपायच्या आत सांगायचो. सासऱ्यांच्या लेखी यातलं काहीच काम नव्हतं.

एकदा बायको माहेराहून आली ती हसू दाबतच.

"आबांनी जमीन बघितलीय. पेठला. रोड टच."

"मला कसे बोलले नाहीत?"

"तुमाला सांगू नको म्हणलेत. दलाल मधी आला की भाव वाढतो म्हणं."

"मग सांगितलंस कशाला?"

"मी कुठं सांगितलं? ही झेरॉक्स नुसती टेबलावर ठेवलीय मी."

ती सातबाऱ्याची झेरॉक्स होती. मालकाचं नाव स्वच्छ, बोजा नाही, भानगड नाही. येत्या गुरुवारी घोडेगावला खरेदीखत व्हायचं होतं आणि विसार देऊन झाला होता. या विषयात मुळीच लक्ष घालायचं नाही असं मी ठरवलं, आणि ताट बाजूला सारून पेठचा नकाशा काढला. बायको बघतच होती. झेरॉक्सवरच्या गटावर मी बोट ठेवलं. गटाला ओढा लागत होता. रस्ता त्याच्याही पुढच्या गटाला होता.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"आबांनी रस्ता बघितलाय आणि ओढा विकत घेतायत."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेअर जीपनं मंचर गाठलं, तिथून एसटीनं पेठ. जमीन बघायला गेलेला नवखा माणूस थेट जमिनीत जाऊन उभा राहतो. मी आधी शेजारच्या रानात जाऊन पाणी मागतो. मालक आपल्या जमिनीबद्दल काय सांगणार ते ठरलेलं असतं, शेजाऱ्याचं तसं नसतं. रस्त्याकडच्या त्या रानाच्या मागं एक विहीर होती, विहिरीजवळ दोन खोल्यांचं घर होतं आणि घरापुढं कांदा खुरपत बसलेली एक म्हातारी.

"कुठलं पावणं?"

"नारायणगाव."

"टमाट्याचं व्यापारी का?"

मी मान हलवली. तेवढं खोटं माझ्या सासऱ्यांनीही चालवून घेतलं असतं. तिनं तांब्या दिला. पाणी पिऊन झाल्यावर मी विहिरीत डोकावलो. "विहीर पक्की बांधलीय, आजी."

"मालकांनी बांधली. आमच्या ह्यांनी."

"आणि पुढचं रस्त्याकडचं रान?"

"ते पुतण्याचं. धाकल्या दिराचा मुलगा. म्हंजी कसतो त्यो. कागदावर आमचंच हाय."

भाजीत मीठ घातलंय हे सांगावं इतक्या सहज तिनं ते सांगितलं. मी बांधावर बसकण मारली. "आणि हे? विहिरीचं?"

"हे त्याच्या कागदावर."

मग तिनं खुरपं न थांबवता सगळं सांगितलं. वाटण्या झाल्या तेव्हा थोरल्याला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, रस्त्याकडचं रान आलं आणि धाकट्याला ओढ्याकडचं. पुढं एका ट्रकखाली थोरल्याचा बैल गेला. त्यानं रस्त्याची धास्तीच घेतली. तेव्हा धाकटा म्हणाला, दादा, तू मागं ये, मी पुढं जातो, माझ्याकडं बैल न्हाई. बांधावर बसून दोघांनी भाकरी खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी रानं बदलली. त्या काळी रस्त्याकडचं रान म्हणजे धूळ, चोऱ्या आणि उधळलेली जनावरं. ते घेणं हा धाकट्याचा मोठेपणा होता. तलाठ्याकडं जायचं कुणाच्या मनातही आलं नाही. भावाभावांत कागद कशाला? आता दोघंही भाऊ गेले होते.

"पुतण्याला ठाऊक आहे हे?"

"त्यो तवा झोळीत व्हता." आता मात्र खुरपं थांबलं. "तू कशापायी इचारतोस रं?"

"ते रान विकलं जातंय, आजी. गुरुवारी."

मला वाटलं, ती कागदाचं बोलेल, हक्काचं बोलेल. तिनं मान वळवून पुढच्या रानातून रस्त्याकडं गेलेल्या गाडीवाटेकडं बघितलं. "आन आमची वाट?"

खरं म्हणजे त्याच संध्याकाळी मी राजुरीला जाऊन सासऱ्यांना सगळं सांगायला हवं होतं. गेलो नाही. लपवत नाही, मला प्रेक्षक हवे होते. पाच वर्षं हा माणूस माझा धंदा लपवत होता, आणि आता चारचौघांत तो उघड करायची संधी मला आयती मिळाली होती. तीन दिवस मी आरशासमोर भाषणाची तालीम केली. बायको म्हणाली, "दाढी चांगली जमलीय, आता तोंड आवरा."

गुरुवारी घोडेगावला रजिस्ट्री कचेरीबाहेर सासरे इस्त्रीचं धोतर नेसून, राजुरीचे चार साक्षीदार आणि पेढ्यांचा पुडा घेऊन उभे होते. शेजारी विकणारा पुतण्या, शर्टाची वरची गुंडी लावलेला, शाळेतल्या मुलासारखा अवघडलेला. दस्त लिहिणारा टाइपरायटरवर शेवटचा कागद बडवत होता.

"पावणं? तुमी हितं कसं काय?"

"कोर्टाच्या कामाला आलो होतो, मामा."

साक्षीदारांनी आदरानं माझ्याकडं बघितलं. सासऱ्यांनी टोपी सारखी केली. मी दस्त लिहिणाऱ्याला म्हटलं, "जरा चतुःसीमा वाचता का मोठ्यानं?" चतुःसीमा म्हणजे जमिनीच्या चारी बाजूंना काय आहे त्याचा तपशील. दस्तातला सगळ्यात रटाळ भाग, त्यामुळं तो कुणी ऐकत नाही. त्यानं वाचायला घेतलं, "पूर्वेस थोरले बंधू यांची जमीन, पश्चिमेस ओढा..."

"वडा?" सासरे ओरडले. "वडा कुठनं आणला? पूर्वेला डांबरी रस्ता हाय!"

"वाटणीच्या जुन्या कागदावरनं उतरवलंय, मामा," दस्त लिहिणारा म्हणाला. "त्यात वडाच हाय."

राजुरीची मंडळी ज्या जीपनं आली होती तिच्या बॉनेटवर मी नकाशा अंथरला. जादूगार रुमाल झटकतो तसा तो झटकलाही, कबूल करतो. गट दाखवला, रस्ता दाखवला, म्हातारीची गोष्ट सांगितली. सगळं ऐकून घेतल्यावर सासरे सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तुमाला मधी घेतलं न्हाई म्हणून मोडायला आलात व्हय?"

साक्षीदारांनी माना खाली घातल्या. पाठ केलेलं भाषण मी साफ विसरलो. मोडायला आलो असं राजुरीत पसरलं असतं तर माझ्या बॅगेकडं पुन्हा कुणी फिरकलं नसतं. मी एवढंच बोललो, "मामा, आज सही केलीत तर त्या म्हातारीची विहीर आणि घर तुमच्या नावावर होईल, आणि तुम्ही पैसे मोजलेला रस्ता तिच्या नावावर राहील. पुढं तुमची नातवंडं तिच्या नातवंडांशी भांडतील. मला चिंता नाही, माझ्या ओळखीचे वकील आहेत."

पुतण्या पायरीवर बसला. "माझा बाप कधीच बोलला न्हाई वो हे," असं तो दोनदा म्हणाला. मग उभा राहिला. "इसार माघारी देतो, मामा. फसवायचं नव्हतं मला." त्याच्या चेहऱ्याकडं बघून सासऱ्यांचा राग कुठल्या कुठं गेला. त्यांना माणूस कळायचा. नकाशा कळायचा नाही, एवढंच.

ते मला जीपच्या मागं घेऊन गेले.

"ह्याला औषध काय?"

"आधी पुतण्या आणि म्हातारीच्या घरच्यांचा आपसांत अदलाबदलीचा दस्त, मग तुमचं खरेदीखत. म्हातारी आणि तिची दोन मुलं सह्या करतील तर."

"करत्याल?"

"मी बोललो तर."

"आन तुमी काय घेणार?"

"दोन टक्के."

"सासऱ्याकडनं?"

"जावई फुकट येतो, मामा. पण तो गादीवर बसतो आणि पान मागतो. एजंट उन्हात फिरतो."

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. बाजारात खोंड निवडताना बघतात तसं, वरपासून खालपर्यंत. "दीड."

"दीड."

पुढचे दोन आठवडे मी उन्हातच फिरलो. म्हातारीची मुलं भोसरीला कारखान्यात होती, ती रविवारी गावी आली. थोरल्याचे डोळे चमकले. "म्हंजी रोड टच आमचंच की! कागद आमचा तर रान आमचं." मी तोंड उघडायच्या आत म्हातारी चुलीपुढून म्हणाली, "मग ऊठ. घर बी त्याच्या कागदावर हाय. ताट घेऊन बाहीर बस." धाकटा हसला आणि तो विषय तिथंच संपला. पण म्हातारीची एक अट होती. पुढच्या रानातून तिची गाडीवाट दस्तात लिहून द्यायची, दहा फूट रुंद. पुतण्या होता तोवर वाट कुणी अडवली नव्हती. नवा मालक राजुरीचा, तिला त्याचं तोंडही माहीत नाही.

सासरे उसळले. "धा फूट? रोडचं धा फूट म्हंजी एक गाळा गेला! गाडी आठ फुटात जाती. आन ल्ह्यायचं कशाला? मी काय वाट बंद करणारा माणूस हाय का?"

"नाही. पण तुमच्यानंतरचा असेल."

"तुमी कुणाच्या बाजूचं एजंट?"

"तुमच्या. वाट नुसती तोंडी ठेवलीत तर दर पावसाळ्यात भांडण आणि दर भांडणाला तुम्ही राजुरीहून पेठला. लिहून दिलीत तर घरी झोपाल. मी तर बारा फूट द्या म्हणेन, उद्या ट्रॅक्टर येईल."

"बारा न्हाई," ते म्हणाले. मग म्हणाले, "धा."

घोडेगावला दुसऱ्यांदा जमलो तेव्हा पेढे नव्हते. अदलाबदलीच्या दस्तावर पुतण्यानं आणि दोन्ही मुलांनी सह्या केल्या. म्हातारी मात्र शाईच्या पॅडवर अंगठा धरून थांबली. "आधी वाट वाचा." दस्त लिहिणाऱ्यानं खरेदीखतातली ती ओळ भराभर वाचली. "हळू वाच की रं." त्यानं घड्याळाकडं बघितलं. तेव्हा सासऱ्यांनी त्याच्या हातातून कागद घेतला, चष्मा लावला आणि एकेक शब्द सुटा करून वाचला. दहा फूट रुंदीची गाडीवाट, कायमची.

"पावसाळ्यात बी?" म्हातारीनं विचारलं.

"पावसाळ्यात बी."

"ते कुठं ल्हिवलंय?"

सासऱ्यांनी माझ्याकडं बघितलं. कायमची म्हणजे पावसाळाही त्यात आलाच, हे मला ठाऊक होतं आणि त्यांनाही. मी दस्त लिहिणाऱ्याला 'बारमाही' हा शब्द हातानं वर घालायला सांगितला. सासऱ्यांनी त्या शब्दाशेजारी बारीक अक्षरांत सही केली आणि कागद म्हातारीला दाखवला. वाचता येत नसूनही तिनं तो शब्द निरखून बघितला, मग अंगठा उमटवला.

सासऱ्यांनी आपल्या खरेदीखताकडं हात नेला, पण पेन टेकवलं नाही. चारी साक्षीदारांसमोर मला म्हणाले, "तुमी एकदा बघून घ्या. मग करतो."

मी दोन्ही दस्त पहिल्यापासून वाचले, चतुःसीमेसकट. पंधरा मिनिटं गेली असतील. पेन हातात धरून ते तसेच उभे राहिले होते.