गुरुजींच्या अकरा बंदिशी

म्हात्रेबुवा त्यांच्या गुरुजींची बंदिश शिकवायला घेत तेव्हा आधी उठून पंखा बंद करत. इतर कोणाची रचना असली की पंखा चालू राही. "यात बारीक काम आहे, पंख्याच्या आवाजात जातं," असं ते सांगत. दिवा स्टेशनजवळच्या त्यांच्या खोलीत भर मे महिन्यात आम्ही सहा विद्यार्थी घामाघूम होऊन बसत असू.

गुरुजी कल्याणला पोस्टात कारकून होते. त्यांनी साठेक बंदिशी रचल्या. त्या छापल्या गेल्या नाहीत, ध्वनिमुद्रितही झाल्या नाहीत. गुरुजी गेल्यावर त्या सगळ्या फक्त बुवांना येत होत्या.

मला आवडत त्या दुसऱ्याच एका नामवंत रचनाकाराच्या बंदिशी, बहुतेक मैफलींत ऐकू येणाऱ्या. बुवांना ते ठाऊक होतं. मी वृत्तपत्रात काम करत असल्याने ते मला 'पेपरवाले' म्हणत. "पेपरवाले, तुमच्या त्या साहेबांची बंदिश दारातच मिठी मारते," ते म्हणाले होते. "आमच्या गुरुजींची आधी ओटीवर बसवते, पाणी विचारते, मग बघू म्हणते." ठाण्यातल्या एका कार्यक्रमात मी त्या साहेबांचाच यमन गायलो. पेटीची साथ बुवांनी केली आणि ती चोख केली.

पुढे बुवांना घशाचा आजार झाला. डॉक्टरांनी आवाज जाईल, असं सांगितलं. तोवर आम्ही दोघेच विद्यार्थी उरलो होतो. माझं स्वरलेखन अचूक म्हणून गुरुजींच्या बंदिशी मला द्यायचं त्यांनी ठरवलं. दर रविवारी एक. मी घोडबंदर रोडवरून सकाळीच निघत असे.

अकराव्या रविवारी, बंदिश लिहून झाल्यावर, एरवी मला अहो-जाहो करणारे बुवा घरच्या आगरी बोलीत बोलले.

"मना खरा सांग. तुना आवरतान का त्या?"

आवडतात का, याचं मी खरं उत्तर दिलं. रचना कसदार आहेत, पण घरी जाताना ओठांवर येत नाहीत, असं म्हणालो.

बुवांनी पेटी मिटली. "नावडतीला गळ्यात थारा नसतो," ते म्हणाले. "उगाच तिचे हाल कशाला?"

पुढच्या रविवारी त्यांनी मला त्या साहेबांचा एक बिहाग शिकवला. स्थायी-अंतरा, बोलतानांसकट, काही हातचं न राखता. गुरुजींचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. आवडो न आवडो, मला त्या द्या, असं मी म्हणायला हवं होतं. मी म्हणालो नाही. दीड महिन्यात त्यांचा आवाज गेला. त्यानंतर पाच महिन्यांनी बुवा गेले. दुसऱ्या विद्यार्थिनीकडे मी चौकशी केली. वर्गात शिकलेल्यांपैकी एकही तिला, किंवा मला, पुरती आठवत नव्हती.

साठातल्या मी लिहून घेतलेल्या अकरा उरल्या. त्यांतली बागेश्रीची एक मला आता आवडते. कधीपासून, ते सांगता येणार नाही.

हल्ली दोघीजणी माझ्याकडे गाणं शिकायला येतात. त्या अकरा मी त्यांना शिकवतो. आवडतात का, हे विचारत नाही.