माळी खुनी निघाला तेव्हा

तंबाखूच्या धुरळ्यात खोकत आईने विड्या वळल्या, म्हणून मी शिकले. घरातली पहिली पदवीधर मीच. पण इम्रानशी लग्न करणार म्हटल्यावर दादांनी, म्हणजे वडिलांनी, मला आतल्या खोलीत कोंडून बाहेरून कडी लावली. राखणीला आई. ती दाराबाहेर विड्या वळायची, मी दाराआडून तिला एक रहस्यकादंबरी वाचून दाखवायचे. त्यातही हिंदू मुलगी, मुसलमान मुलगा, शिवाय हौसेने हेरगिरी करणारे दोन निवृत्त मास्तर.

"हे कसले हेर? आपली शेजारीण यांच्याहून हुशार," आई म्हणायची.

शेवटी खुनी निघाला माळी. मास्तरांनी चहा घेतला आणि कादंबरी संपली. मी चिडून पुस्तक आपटलं.

"अगं, पण त्या पोरीला बापाने कोंडलेलं ना? तिची कडी कोणी काढली?"

मी पानं उलटी चाळली. कोणीच काढली नव्हती. खुनी सापडला की सगळे खूश. कोंडलेल्या माणसाची आठवण लिहिणाऱ्यालाही राहत नाही.

बाहेर विड्यांचं सूप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग कडीचा.

आमच्या लग्नाच्या नोंदणीवर साक्षीदार म्हणून आईचा अंगठा आहे.