पाळण्याखालचं कुत्रं

मांजरसुंब्याच्या घाटाखाली आमचं गाव. तिथला आश्रुबा त्याच्या मेंढरांपेक्षा कमी बोलतो. काही इचारलं तर खांद्यावरची घोंगडी झटकतो, तेच उत्तर समजायचं. गावानं त्याला घडाघडा बोलताना एकदाच ऐकलं, दत्तजयंतीला.

आमच्याकडं दत्ताचा पहिला निवद कुत्र्याला. त्या सांजंला पाळणा हलायच्या ऐन वक्ताला आश्रुबाचं हरवलेलं काळं कुत्रं, भुंग्या, थेट देवळात शिरलं आन पाळण्याखाली जाऊन बसलं. बायांनी हात जोडले. "दत्तानंच धाडलं!" देवळाचे कारभारी भगवानराव खूश. आश्रुबाच्या बायकोला, छबुबाईला, रडूच फुटलं. भुंग्याला तिनं पिलापासून हातानं चारलेलं. मानाचा निवद तिच्याच हाती दिला.

आश्रुबा दारातून बघत होता. भुंग्याचा जबडा लोंबत होता, लाळंची तार फरशीला टेकली होती.

"छबे, थांब! पिसाळलंय ते."

"देवाच्या दारात अभद्र कावून बोलतो बे?" भगवानराव डाफरले.

"मालक, कुत्रं माझं हाय. सकाळी वढ्याकाठी दिसलं, पाणी बघून मागं सरलं आन हाती न लागता पळालं. टाळ थांबवा. गुलाल उधळू नका. लेकरं मागच्या दारानं काढा."

"आरं, जन्माची येळ टळंल!"

"टळू द्या. दत्त काय पळून चाललाय?"

टाळ थांबले. छबुबाई मात्र गुडघ्यावर सरकत पाळण्याखाली हात घालत होती. "माझ्या हातचं खातंय ते. तुमी गप बसा."

भुंग्याच्या नरड्यातून घोगरा आवाज आला. आश्रुबा घोंगडी पसरून एकेक पाऊल पुढं टाकत होता. तेवढ्यात मागून कुणीतरी न राहवून ओरडलं, "दिगंबरा!"

कुत्रं उसळलं. आश्रुबानं घोंगडीसकट अंग टाकलं. ताट फरशीवर खणाणलं, छबुबाई मागं पडली. घोंगडीखाली दात कराकरा वाजत होते आन आश्रुबा वरून दाबून म्हणत होता, "हात बघ तुझा. छबे, आधी हात बघ."

हाताला वरखडाही नव्हता. आश्रुबाच्या मनगटाला मात्र दात लागला होता. पोरांनी भुंग्याला घोंगडीतच बांधून बाभळीला साखळदंडानं अडकवलं. आश्रुबाला जीपमधी घालून बीडला सुया टोचायला नेताना भगवानराव म्हणले, "मनाला लावून घेऊ नको. दत्तापाशी चार कुत्री हायेत."

"त्याची चार हायेत, मालक. माझं एकच होतं."

पाळणा उशिरा हलला. भुंग्या उजाडायच्या आत गेला. छबुबाई अजून दर जयंतीला निवद घेऊन येती, पण आधी कुत्र्यापुढं पाण्याची वाटी सरकवती आन लांब उभी राहून बघती. पाणी पेलं, तरच भाकर.