फिल्टरातली हवा

डिझेलच्या ट्रकचा फिल्टर मी बदलला आणि आतली हवा न काढताच गाडी सुरू करायला बसलो. पुढे बरीच वर्षं मी ‘विसरलो’ असं सांगत आलो. ते खरं नाही. फिल्टर उघडला की आत हवा शिरते आणि ती काढल्याशिवाय इंजिन चालत नाही, हे मला ठाऊकच नव्हतं. आणि मी तर मेकॅनिक म्हणून नोकरीला लागलो होतो.

लढाई संपून वर्ष झालं असेल. पलटणीतून सुटून मी गावी आलो. आमच्याकडे पलटणीतून आलेल्या माणसाला काय येतं, असं कोणी विचारत नाही. सगळं येतं असं धरून चालतात, आणि मीही कुणाचा गैरसमज दूर करायच्या फंदात पडलो नाही. लष्करात मी मोटारींच्या सामानाच्या कोठीवर होतो. खिडकीतून जुना फिल्टर आत घ्यायचा, नवा बाहेर द्यायचा. खोका हातात आला की डोळे मिटून सांगायचो, हा कुठल्या गाडीचा. पण खोक्यातली वस्तू गाडीत नेमकी कुठं जाते हे बघायला मी कधी खिडकीबाहेर गेलो नाही. बाहेर ऊन असायचं.

गाडी मात्र मला चालवता येत होती. तेवढ्यावर मी सांगलीच्या एका जैन व्यापाऱ्यांकडे गेलो. सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांनी लष्कराच्या लिलावातून एक ट्रक उचलला होता. तेव्हा पेट्रोल रेशनवर, मोटारी कोळशाच्या गॅसवर धापा टाकत चालायच्या. अण्णांचा ट्रक डिझेलवर चालणारा, म्हणून सांगलीत त्याचं भारी कौतुक.

“दुरुस्ती येती काय?” अण्णांनी विचारलं.

“मेकॅनिकच हाय मी,” मी म्हणालो. वाक्य इतकं सहज निघालं की माझा मलाच विश्वास बसला.

अण्णांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “एक खेप कर. पण एक ध्येनात ठेव. माझी गाडी बैलं जोडून वढून आणायची पाळी आली, तर त्या दिवशी स्टिअरिंग सोडायचं आन् गावाकडं चालू लागायचं. सगळी सांगली हसंल मला.”

“बैलं? आवं अण्णा, लढाईत रणगाडं बघितल्यात मी.”

बघितले होते हे खरं. लांबून.

निघताना अण्णांनी माझ्या हातात एक स्वच्छ, जाड, दुहेरी शिवलेलं फडकं ठेवलं. “पिंपातलं डिझेल ह्यातनं गाळून घालायचं. आमच्या घरात पाणीसुद्धा गाळल्याबिगर पीत न्हाईत. गाडीलाबी तसंच पाजायचं.”

खेप होती भोपळ्यांची. मिरजेत तंबोरे आणि सतारी बनवणारे एक कारागीर होते. साठीचे, बारीक अंगाचे, दाढीला मेंदी लावणारे. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. म्हसवडच्या पलीकडे नदीकाठच्या मळ्यांत त्यांनी वर्षभर आधी सांगून ठेवलेले मोठे कडू भोपळे वाळून तयार झाले होते. ते मिरजेला आणायचे. आदल्या दिवशी आम्ही दोघं रिकामा ट्रक घेऊन म्हसवडला गेलो आणि सकाळी माल भरायला लागलो.

चाचा प्रत्येक भोपळा उचलायचे, कानाजवळ धरायचे आणि बोटाच्या पेराने टक् करून वाजवायचे. मग दुसऱ्या बाजूने टक्. चांगला असला तर पाचटाच्या थरावर ठेवायचे, मनात भरला नाही तर बाजूला सारायचे. मला दोन्ही आवाज सारखेच वाटत होते.

“चाचा, घोडी बघितल्यागत काय बघताय? भोपळाच हाय न्हवं?”

“भोपळा न्हाई. तंबोरा हाय. अजून लाकूड जोडायचंय एवढंच.” त्यांनी एक बाजूला ठेवलेला भोपळा पुन्हा वाजवला. “हे बघ. बाहेरनं दिसत न्हाई, पण आतनं तडकलाय. आत काय हाय, काय न्हाई, ते आवाज सांगतो. डोळे फसतात, बेटा.”

मी मान डोलावली आणि दुसऱ्या कामाला लागलो. माझं काम म्हणजे टाकीत डिझेल भरायचं. पिंप तळाला आलं होतं. फडकं काढायला गेलो, तर त्यात मी सकाळीच भाकरी आणि लसणाची चटणी बांधून घेतली होती. आता भाकरी कुठं ठेवायची? मी पिंप तिरकं केलं आणि तळाचं डिझेल, गंज, माती, जे काय होतं ते तसंच टाकीत ओतलं. भाकरीला मात्र धूळ लागू दिली नाही.

निघालो. चाचा माझ्या शेजारी, मांडीवर शालीत गुंडाळलेला एक भोपळा. तो तंबोऱ्यांच्या एका जोडीसाठी निवडलेला होता, म्हणून पाठीमागे ठेवायला तयार नव्हते. वाटेत मी त्यांना लढाई सांगत होतो. खिडकीत बसून ऐकलेल्या गोष्टी मी रणांगणावर नेऊन सोडल्या होत्या, एका रणगाड्यासकट. चाचा मधूनमधून “अस्सं?” म्हणत आणि भोपळा सांभाळत.

विट्याच्या अलीकडे एक चढ आहे. अर्ध्या चढावर इंजिन खोकलं. पुन्हा खोकलं. मी पाय दाबला, तसं ते आणखी मलूल झालं आणि बंद पडलं. चाचांनी उतरून मागच्या चाकांना दगड लावले.

मी बॉनेट उघडलं. आणि खरं सांगतो, मला आनंद झाला, कारण समोर एक ओळखीचा चेहरा होता. फिल्टर! लोखंडी भांडं, वर बोल्ट. खोका मी हजार वेळा हाताळला होता. आज घरचं माणूस भेटलं. आणि माझ्या पेटीत एक नवा फिल्टरही होता.

“कचरा अडकलाय,” मी चाचांना सांगितलं. “पाच मिनिटं.”

भांडं उघडलं. आत तळाला काळा चिखल आणि तारेच्या सांगाड्यावरचं कापड शेणानं सारवल्यासारखं. मी नवा फिल्टर बसवला, भांडं पुसून वर लावलं, बोल्ट आवळला. जुना फिल्टर मात्र कागदात नीट गुंडाळून जपून ठेवला. जुना परत केल्याशिवाय नवा मिळत नाही, एवढा कोठीतला नियम मला पाठ होता.

स्टार्टर दाबला. इंजिन लागलं! मी चाचांकडे बघून मिशीवरून हात फिरवला. पाचसहा ठोके पडले आणि गप्प.

पुन्हा दाबला. गप्प.

मग मी जे केलं ते ऐका. नवा फिल्टर खराब असेल म्हणून काढला आणि जुनाच झटकून बसवला. त्यानं इंजिन लागलं नाही, म्हणून पुन्हा नवा, आणि जुना परत कागदात. मग नळी सोडून फुंकली. मग झाकण उलटं बसलंय का बघायला परत उघडलं. हवा बाहेर काढायची होती, आणि मी दर खेपेला ताजी भरत होतो. अण्णांची बॅटरी हळूहळू म्हातारी होत चालली होती.

एवढ्यात खालून एक शेतकरी बैलजोडी हाकत वर आला. नुसते बैल, गाडी नाही. औताला चालले असावेत. त्याने ट्रककडे पाहिलं, भोपळ्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“काय ड्रायव्हरसाब, भोपळ्याचं वज्जं झालं व्हय गाडीला?”

“चालू होतीया. तुमी व्हा फुडं.”

“आरं, व्हा फुडं काय? जोडू का बैलं? आत्ता वर घालतो चढाच्या. अस्सल खिलारी जोडी हाय, गड्या. विट्यात नेऊन सोडतो तुला.”

“बैलं न्हाई जोडायची!” मी असा ओरडलो की बैलांनीच कान टवकारले.

“का रं? बैलं काय वंगाळ हाईत का?”

तो तिथेच बसला, बांधावर. तंबाखू मळू लागला. जाईना. त्याला ठाऊक होतं की घटकाभरात मी त्याच्याकडेच येणार. मलाही ते हळूहळू ठाऊक होऊ लागलं. बैल शांतपणे रवंथ करत माझ्याकडे बघत होते. मला डोळ्यांपुढे दिसू लागलं: पुढे बैल, मागे ट्रक, त्यात भोपळे, सांगलीतली माणसं दाराबाहेर येऊन बघताहेत, आणि मी ट्रंक डोक्यावर घेऊन गावाकडे चालतोय. गावात वडलांनी घराघरात सांगून ठेवलं होतं, पोरगं इंजनाचं साहेब झालं म्हणून.

मी फुटबोर्डावर बसलो आणि चाचांना सगळं खरं सांगून टाकलं. कोठी, खिडकी, ऊन, सगळं.

“म्हंजे त्यो रणगाडा न्हवताच?” चाचा एवढंच म्हणाले.

“होता. लांब होता.”

त्यांनी मांडीवरचा भोपळा सीटवर ठेवला, उतरले, बॉनेटपाशी आले. मग बोटाच्या पेराने फिल्टरच्या भांड्यावर वाजवलं. टक्. खाली, तळाशी. मग वर सरकत सरकत, टक्, टक्, टक्. मान तिरकी, डोळे मिटलेले.

“ह्यात तेल भरलेलं असायला पायजे ना?”

“व्हय. गच्च.”

“बुडात भरलंय. वरनं पोकळ वाजतंय.”

“असं कसं हुईल? टाकीत तेल हाय, नळी साफ हाय.”

“ते मला म्हाईत न्हाई. मी ऐकलं ते सांगितलं.” त्यांनी पुन्हा वाजवलं. “हितनं वर वारा हाय. वारा बाहेर निघाल्याबिगर तेल आत कुठनं येईल? घागर उलटी करून नदीत दाबलीस तर भरती का?”

भांड्याच्या माथ्यावर एक बारका स्क्रू होता. तो कशासाठी, हा प्रश्न मला पडलाच नव्हता. कोठीत तो वेगळ्या खोक्यात यायचा. मी पाना लावला आणि अर्धा फेरा सैल केला. फुस्स झालं. खाली डिझेल ओढणाऱ्या पंपाला एक छोटी दांडी होती, तीही मला आत्ताच दिसली. ती मी खालीवर करू लागलो. स्क्रूपाशी फेस आला. बुडबुडे आले. बुडबुडे मोठे झाले, मग बारके झाले, मग डिझेलची निव्वळ धार. चाचा कान लावून वाजवत होते. टक्. टक्. मग आवाज बदलला. तो मलासुद्धा कळला! भरल्या घागरीसारखा मुका, थप् असा.

“आवळ,” चाचा म्हणाले.

स्क्रू आवळला, धावत स्टिअरिंगवर बसलो, स्टार्टर दाबला. बॅटरीने एक उसासा टाकला आणि संपली.

“जोडू का?” बांधावरून आवाज.

“थांबा!” मला एकदम सुचलं. आयुष्यात जी दोनचार शहाणपणं सुचली त्यातलं हे एक. आपण चढावर आहोत. मागे उतार आहे. मी गाडी रिव्हर्समध्ये टाकली, क्लच दाबला. “चाचा, दगड काढा!”

चाचांनी दगड काढले आणि बाजूला झाले. ट्रक मागे सुटला. वेग येऊ दिला आणि क्लच सोडला. एक धक्का, मागचे भोपळे एका सुरात गडगडले, आणि इंजिन असं गरजलं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धुराचा काळा लोट उठला. उलटा येणारा तो राक्षस पाहून खिलारी जोडीने शेपट्या वर केल्या आणि उसाच्या फडात उडी मारली. मागे शेतकरी. त्याने मला दिलेल्या शिव्यांत एक शब्द दुसऱ्यांदा आला नाही. फडाच्या कडेला बैल त्याच्या हाती लागलेले बघितले, मग मी गाडी पुढे घातली. त्याला हात केला. त्यानेही केला, पण मूठ वळून.

तासगाव मागे टाकून, सांगलीत न थांबता, दिवस मावळायच्या आत आम्ही मिरजेत चाचांच्या कारखान्यापुढे उभे. अण्णा टांग्याने येऊन आमची वाट बघत बसले होते. चाचांची माणसं भोपळे उतरवू लागली आणि चाचा एकेक घेऊन वाजवू लागले.

“बैलं?” अण्णांनी मला विचारलंच नाही. चाचांना विचारलं.

चाचांनी हातातला भोपळा आधी वाजवून पूर्ण केला.

“बैलं जोडली न्हाईत,” ते म्हणाले. “बैलं पळाली तेवढी. ती गोष्ट येगळी.”

अण्णांनी ट्रकभोवती फेरी मारली. सीटवरचं फडकं उचललं. उलगडलं, नाकाशी नेलं आणि झटक्यात लांब धरलं. अण्णांच्या घरात कांदासुद्धा येत नसे.

“ह्यातनं डिझेल गाळलंस?”

“गाळलं की.”

“मग ह्याला लसणाचा वास कसा रं?”

मी कागदात गुंडाळलेला जुना फिल्टर त्यांच्यापुढे धरला. चिखल बघून त्यांना सगळं कळलं. बघता बघता त्यांचं पोट हलायला लागलं. अण्णा हसताना आवाज करत नसत, फक्त पोट हलायचं.

“बैलं जोडली न्हाईत म्हणून ऱ्हा,” ते शेवटी म्हणाले. “पण सहा महिने गाडी निस्ती चालवायची. उघडायची झाली तर चाचांना इचारायचं.”

मला इतका आनंद झाला की मी चाचांपुढच्या भोपळ्यांच्या ओळीतच जाऊन बसलो. एकही भोपळा तडकला नव्हता. शेवटचा, मांडीवरचा, त्यांनी वाजवला आणि डोळे मिटून समाधानाने हसले. मी डोक्यावरची टोपी काढली, मान खाली घालून डोकं त्यांच्यापुढे केलं.

“चाचा, आता एवढं बी बघा वाजवून.”

चाचांनी हात वर केला, मग तसाच खाली घेतला.

“त्याला टिचकी कशाला? ते सकाळपासनं आपलं आपणच वाजतंय.”