वादळ कसं जमतं

त्या सकाळी अकोला स्टेशनवर मायनं तिची दोन पोरं दोन दिशांना लावून दिली. माझा मोठा भाऊ सुखदेव, म्हणजे दादा, नागपूरकडे जाणाऱ्या गाडीनं निघाला होता. ओरिसाच्या किनाऱ्यावर नवं बंदर बांधणं सुरू होतं, तिथं त्याला फिटरचं काम मिळालं होतं. मी, धाकटा देवा, मुंबईकडे निघालो होतो आणि तिथून विमानानं अमेरिकेला. खरं तर दादाला ठेकेदारानं आधीच बोलावलं होतं, पण मायनं त्याला थांबवून धरलं. "दोघंबी एकाच दिवशी जा," ती म्हणाली, "मले एकदाच रडू द्या."

प्रत्यक्षात ती रडली नाहीच. पुलावरून या फलाटावर, त्या फलाटावर करत राहिली. कुणाच्या पिशवीत दशम्या घातल्या आणि कुणाच्या राहिल्या, एवढंच बघत होती. बा जिनिंगमध्ये कापसाचे बोजे वाहून वाकलेला माणूस. तो बाकावर बसून म्हणाला, "मोर्णेत गुडघाभर पाणी नाही, अन् दोघंही पोरं समुद्रावर चालले." दादा खिडकीतून हसला. त्याची गाडी आधी हलली.

नागपूरला आमचं धर्मांतर झालं त्या वर्षी मी मॅट्रिक झालो. आमच्या वस्तीत तेव्हा सगळ्यांनाच कुठंतरी जायचं होतं; कुठं, ते ठरलेलं नसायचं. अमरावतीला कॉलेज, नागपूरला एमएस्सी, मग पुण्यात हवामान खात्यात नोकरी. पुण्यात माझ्या 'मले-तुले'ला हसत, म्हणून मी 'मला-तुला' शिकलो. सुट्टीत घरी गेलो की दादा त्या 'मला'ला हसे. दोन्हीकडे हसू झाल्यावर माणूस कमी बोलू लागतो. मी नकाशे काढू लागलो. बंगालच्या उपसागरात जमलेली वादळं कागदावर येत ती आधीच पुरती वाढलेली असत. ती जमतात कशी, हे कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. शिष्यवृत्ती मिळाली ती त्याच प्रश्नासाठी.

अमेरिकेतल्या विद्यापीठात कॉम्प्युटरला एक अख्खी खोली होती. आम्ही तिच्याकडे भोकं पाडलेल्या कार्डांचे गठ्ठे पाठवायचो आणि तिकडून आकड्यांनी भरलेले लांबच लांब कागद यायचे. काम सांगायला सोपं होतं. एक समुद्र मांडायचा, त्यावर हवा मांडायची, मधे एक अगदी मंद भोवरा ठेवायचा आणि हवेचे नियम लावून तो वाढतो का ते पाहायचं. याला आम्ही मॉडेल म्हणायचो. आमचं मॉडेल काही केल्या वादळ करीना. भोवरा होता तिथंच राही आणि सगळीकडे छोटे छोटे ढग वेड्यासारखे फुगत. प्राध्यापक शांतपणे म्हणायचे, "पुन्हा करू." मला मात्र एका जागी बसवत नसे. बर्फातून उगाच चालत राहायचो. खिशात दादानं लिहवून घेतलेलं पोस्टकार्ड असे. त्याचा मजकूर एकच: काम चांगलं आहे, मासळी जमत नाही, बाळापूरचा शेषराव खोलीत सोबतीला आहे.

शेवटी आम्ही एकेका ढगाचा नाद सोडला. समुद्राला घासून आत खेचली जाणारी दमट हवा मोजली आणि तिच्या वाफेचे ढग होताना सगळी मिळून जितकी उष्णता सुटेल तितकी त्या भोवऱ्याला दिली. त्या उन्हाळ्यात कागदावर मधला दाब उतरू लागला आणि भोवतीचा वारा चढू लागला. आकड्यांवर पेन्सिलीनं रेषा काढल्या तर वर्तुळावर वर्तुळ बसलं. प्राध्यापकांनी केक मागवला. मी दादाला मोठ्या ऐटीत कळवलं की माझ्या मशीननं वादळ केलं.

पुढच्या हिवाळ्याच्या तोंडावर तिथल्या वर्तमानपत्रात, आतल्या पानावर चार ओळी आल्या. भारताच्या पूर्व किनाऱ्यावर चक्रीवादळ, मोठी प्राणहानी. मी धावत विभागात गेलो. जगभरच्या नोंदी तारेनं तिथं येत. त्या दिवसाचा नकाशा मी स्वतः भरला. कलकत्त्याची नोंद होती, विशाखापट्टणची होती. दादाच्या बंदराची नव्हती. आदल्या दिवसापर्यंत रोज आलेली, आणि मग काहीच नाही.

बाला तार केली. उत्तर येईना. माझ्या टेबलावर मशीनमधल्या वादळाचे कागद रचून ठेवलेले होते. वारा किती, पाऊस किती, दाब किती उतरेल, सगळं त्यात होतं, आणि माझा भाऊ जिवंत आहे का एवढं मात्र त्यातून निघत नव्हतं. कुणी काम कसं चाललंय विचारलं की मी "चांगलं" म्हणायचो आणि बाहेर पडायचो. बऱ्याच दिवसांनी बाची तार आली. दादा वाचला होता. शेषराव गेला होता.

पदवी मिळाली तेव्हा प्राध्यापकांनी राहायला सांगितलं. मॉडेल मोठं करायचं होतं, जागा पक्की होती. घरी जाऊन येतो म्हणालो. दादाही सुट्टीवर आला होता. वाळला होता. अंगणात खाटेवर बसून त्यानं मला नीट पाहून घेतलं.

"देवा, तुह्या मशिनीनं वादळ होते म्हणे."

"होतं."

"मंग आमाले कावून नाही सांगतलं?"

आवाजात राग नव्हता. मी समजावून सांगितलं की मशीनमधलं वादळ कोणत्याच खऱ्या समुद्रावरचं नसतं, कोणत्याच दिवसाचं नसतं. ते कसं जमतं तेवढं कळतं. कधी आणि कुठं, ते नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"कसं ते समजलं, तं कधी तेबी समजनच ना?"

"समजेल कधीतरी."

"तोवर काय?"

बा उठून आत गेला. त्या आठवड्यातच दादा परत बंदरावर निघाला. नोकरी कायमची झाली होती आणि वहिनीलाही या वेळी तो सोबत नेत होता. मी प्राध्यापकांना नकार कळवला. त्यांना वाईट वाटलं आणि मलाही, अजूनही वाटतं. दादाच्या बंदराजवळच्या हवामान कचेरीत एक जागा रिकामी होती, तिथं जायला कुणी तयार नव्हतं. ती मी मागून घेतली.

इथं कॉम्प्युटर नाही. जहाजांच्या तारा येतात, दाबमापक आहे, नकाशा हातानं भरतो. मंद भोवरा दिसला की खालची दमट हवा कुठून आत येतेय ते आधी पाहतो. तेवढं तिकडून शिकून आलो. तिकडचे मित्र नव्या मॉडेलबद्दल लिहितात तेव्हा आपण भलत्याच गाडीत बसलो असं वाटतं. अकोल्याला गेलो तरी दोन दिवसांत पाय परत फिरतात. माय एकदा इथं येऊन राहिली. "हवा चिकट हाय," म्हणाली, आणि पापड वाळत नाहीत म्हणून परत गेली.

गेल्या मोसमात असाच एक भोवरा आमच्या रोखानं सरकला. मी धोक्याचा इशारा द्यायला सांगितलं, साहेबांनी तो दिला. भर दुपारी दादा मजुरांच्या झोपड्यांतून ओरडत फिरला, थोडं ओडिया, थोडं हिंदी, बाकी वऱ्हाडी: "निंगा! माहा भाऊ सांगून राहिला, निंगा!" त्याच्या शब्दावर लोक पोरंबाळं घेऊन उंचावरच्या गोदामात गेले. वादळ दुसऱ्या दिवशी वळलं आणि भलतीकडेच, ओसाड खाडीवर गेलं. लोक परतले ते हसत. कुणाची मासळी सडली होती, कुणाची मजुरी बुडाली होती.

मला दादाकडे जावंसं वाटेना. तरी गेलो. वहिनीनं भाकर आणि ठेचा वाढला. मी खाली मान घालून म्हणालो, "लोक तुले हसून राहिले असतीन." कितीतरी वर्षांनी तोंडात 'तुले' आलं.

तुमच्यापैकी जे वस्तीतच राहिले आणि जे माझ्यासारखे निघाले, ते सगळेच विचारतात, घर आता कुठलं म्हणायचं? मलाही पुष्कळ दिवस सांगता येत नव्हतं. आता इतकंच सांगतो की चूक करून आल्यावर ज्या घरी जेवायला बसलो, ते.

दादानं भाकरीचा तुकडा मोडला.

"वळलं तं वळलं," तो म्हणाला. "तू पुन्हा सांगजो. मी पुन्हा उठवतो."